रिकाम्या सतरंज्या

2016 सालच्या नोव्हेंबर महिन्यातील एक रविवार. मी तेव्हा वसई तालुक्यातील एका खेड्याच्या धर्मग्रामात होतो. दुसरी मिस्सा आटोपून मी मिस्साची वस्त्रे उतरवीत होतो, तोच साक्रिस्तीच्या दाराशी साठ-सत्तर माणसे जमली. चेहरे संतप्त होते. गावाच्या बावखलात रात्रीचे डंपर येऊन भराव टाकीत होते आणि एक बाजू जवळजवळ बुजली होती. "फादर, तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहा. तुमच्या पत्राला वजन आहे. नाहीतर पुढच्या रविवारी मोर्चा काढू. घंटा तुम्ही वाजवा, माणसे आम्ही आणतो."

मी विचारले, "ग्रामपंचायतीने परवानगी दिली आहे का?"

कोणालाच ठाऊक नव्हते. दोन तरुणांना सोमवारी पंचायतीच्या कार्यालयात पाठविले. त्यांनी इतिवृत्ताची नक्कल आणली. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती. आठ दिवसांनी तीच तहकूब सभा पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. हजर माणसे एकोणीस. त्या एकोणीस जणांनी रस्ता रुंदीकरणासाठी बावखलाच्या पश्चिम बाजूस भराव टाकण्यास हरकत नसल्याचा ठराव एकमताने संमत केला होता. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक म्हणून जी दोन नावे होती, त्यांतील एक आपल्याच माणसाचे होते. ते गृहस्थ त्या रविवारी माझ्या दाराशी आलेल्या जमावातही होते, पण तो भाग सोडून देतो.

मला लागले ते निराळेच. 2 ऑक्टोबरला गावातील आपली माणसे कुठे होती? ती माझ्याकडे होती. त्या दिवशी मी धर्मग्रामाचा कौटुंबिक मेळावा ठेवला होता. सातशे माणसे आली, संगीतखुर्ची झाली, दुपारी बिर्याणी झाली, आणि पुढच्या वार्तापत्रात मीच मोठ्या अभिमानाने लिहिले की असा प्रतिसाद गेल्या दहा वर्षांत मिळाला नव्हता. ग्रामसभेला शंभर माणसे लागतात. कायदा सांगतो, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. माझ्या मैदानावर सातशे होती, आणि पाचशे पावलांवर पंचायतीच्या सभागृहात अंथरलेल्या सतरंज्या रिकाम्या होत्या.

वाचकहो, या लेखात मी जे भांडण मांडणार आहे, त्यातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधी सांगून टाकलेले बरे.

आपल्या समाजाला मोर्चा येतो. सभा येत नाही. हे विधान काहींना झोंबेल, पण गेल्या चार दशकांचा आपलाच इतिहास पाहावा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामासाठी खुली करण्याचे वारे सुटले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. केळी, फुले आणि विड्याची पाने पिकविणारा, कोर्टकचेरीला भिणारा शेतकरी रस्त्यावर आला. वसईतली गुंडगिरी त्या काळी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना त्या धैर्याचे मोल मी सांगायला नको. 1990 साली वसई-विरार भागाचे नियोजन सिडकोकडे गेले, लढा चालू राहिला. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी पुन्हा उठाव केला, उपोषणे झाली, आणि 2011 साली 29 गावे वगळण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. पुढे तो वाद न्यायालयात दशकाहून अधिक काळ रेंगाळला.

या दुसऱ्या लढ्यात गावकरी काय मागत होते? महानगरपालिका नको, आमची ग्रामपंचायत आम्हांला ठेवा. म्हणजेच आमची ग्रामसभा ठेवा. कारण 1993 साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला जे स्थान दिले, ते शहरातील मतदाराला मिळालेले नाही. नगरातील मतदारांसाठी क्षेत्रसभेची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात 2009 साली आली खरी. ती भरलेली मी आजवर पाहिलेली नाही. खेड्यातला मतदार मात्र वर्षातून किमान चार वेळा सरपंचासमोर उभा राहून जमाखर्च विचारू शकतो, योजनांचे लाभार्थी ठरवू शकतो, विकास आराखड्यात काय यावे ते सांगू शकतो. त्या हक्कासाठी आपण भर उन्हात रस्त्यावर बसलो. ज्या गावांत तो हक्क शिल्लक उरला, तेथे त्याच्या सतरंज्या आपण रिकाम्या ठेवल्या. देवळासाठी भांडावे, ते मिळवावे आणि रविवारी मिस्सेला मात्र जाऊ नये, त्यातलाच हा प्रकार.

25 जुलै 2024 रोजी फादर दिब्रिटो गेले. अंत्यदर्शनाला लोटलेला समुदाय आपण सर्वांनी पाहिला. त्यानंतर मला वारंवार एक वाक्य ऐकू येते, "आता आपल्याला कोणी वाली उरला नाही." या वाक्यातील दुःख मला समजते. पण त्यामागची वृत्ती मला मान्य नाही. ज्या माणसाने आयुष्यभर सामान्य माणसाला बोलते करण्याचा प्रयत्न केला, त्याच्या जाण्याने आपण मुके झालो असे म्हणणे हा त्याचा गौरव नव्हे. एका धर्मगुरूच्या मागे चालणे तुलनेने सोपे असते. दिशा त्याने ठरवायची, धमक्या त्याने झेलायच्या, वर्तमानपत्रातील टीका त्याने सोसायची. आपण फक्त मागे चालायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. आणि त्याची बदली झाली, की गावाचे राजकारणही त्याच्याबरोबर बदलून जायचे!

धर्मगुरूला हे काम पेलतही नाही आणि शोभतही नाही. चर्चच्या कायदेसंहितेचे 285 वे कलम धर्मगुरूला शासकीय सत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई करते. 287 वे कलम, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यापासून त्याला दूर ठेवते. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला, की निवडणुकीत उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. तरीही प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या शनिवारी माझा दूरध्वनी वाजतो. "फादर, यंदा कोणाला?" प्रश्नकर्ता बहुधा सुशिक्षित असतो. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, बंगल्याला कोणता रंग द्यावा, हे तो मला कधी विचारीत नाही. तेथे त्याची बुद्धी समर्थ असते. मतदानाच्या वेळीच ती अचानक इतकी नम्र का होते?

दुसरा एक वर्ग आहे, तो मला प्रश्नच विचारीत नाही. तो म्हणतो, राजकारण घाणेरडे आहे. आपण प्रार्थना करावी, मुलांना शिकवावे, जमल्यास परदेशी पाठवावे. या वर्गाविषयी मी अधिक कठोर आहे, कारण त्यात आपले उत्तमोत्तम लोक आहेत. बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, मुख्याध्यापिका, अभियंते. हिशेब तपासणे हा ज्यांचा हातचा मळ, ते गावाचा हिशेब वाचायला जात नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी प्रसिद्ध केलेल्या आधुनिक जगातील चर्चविषयक दस्तऐवजात मतदानाला हक्काबरोबरच कर्तव्य म्हटले आहे आणि सार्वजनिक कार्याची धुरा वाहणाऱ्यांची प्रशंसा केली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1988 सालच्या प्रापंचिकांविषयीच्या आवाहनपत्रात नेमकी हीच सबब हाताळली आहे. राजकारणात स्वार्थ आहे, सत्तेची हाव आहे, भ्रष्टाचार आहे, ते नैतिक धोक्याचे स्थान आहे, यांपैकी कोणतेही कारण प्रापंचिकाच्या अलिप्ततेचे समर्थन करू शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. सेमिनरीत आम्ही हा दस्तऐवज अभ्यासला, त्यावर परीक्षा दिली, आणि धर्मग्रामात आल्यावर प्रापंचिकांना काय काम दिले? यात्रेचा मंडप, नाताळचा गोठा आणि वाहनतळाची व्यवस्था. तेव्हा दोष एकट्या प्रापंचिकांचा नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे एक लहानसे गोंड गाव आहे. सुमारे शंभर घरांची वस्ती. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावाची. घोषणा पाठ असणारे पुष्कळ भेटतात. त्या गावाची रीत फार थोड्यांना माहीत असते. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. आणि सभेखेरीज तेथे अभ्यासगट चालतात. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरचा कार्यकर्ता आणि देवाजी तोफा यांच्यासारखा गावातलाच माणूस त्यांत एकत्र बसून कायदा, जंगल, हिशेब समजून घेत आले. वनहक्क कायदा 2006 साली झाला. 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली आपल्या जंगलातील बांबू विकण्याचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. अभ्यास हा शब्द येथे मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अभ्यास मुलांनी करायचा असतो, दहावीपर्यंत.

दुसरे उदाहरण गोव्याचे. 2006 साली गोव्याचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला आणि शेते, टेकड्या, खारफुटी बांधकामाच्या रंगात रंगविल्या गेल्याचे लोकांच्या ध्यानात आले. डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या नेतृत्वाखाली गोवा बचाव अभियान उभे राहिले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सारेच त्यात होते. 2007 च्या जानेवारीत सरकारला आराखडा मागे घेण्याची घोषणा करावी लागली. येथपर्यंतची कथा आपल्यासारखीच, मोर्च्याची. वेगळे आहे ते पुढचे. नवा आराखडा करताना गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठविण्यात आले. आपल्या गावात कोठे शेत, कोठे ओहोळ, कोठे देवराई, हे लोकांनी त्या नकाशांवर दाखवायचे होते. काही गावांनी हे काम मन लावून केले, काहींनी केले नाही. 2012 साली नव्या सरकारने तो आराखडा स्थगित ठेवला, म्हणून ही यशकथा आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या गावाने एकदा आपला नकाशा स्वतः वाचला, त्या गावाला फसविणे पूर्वीइतके सोपे राहत नाही.

नकाशा वाचणे! येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्या समाजाची सर्वांत मोठी हानी या एका अज्ञानाने झाली आहे. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार हरकती व सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. पहिले दहा दिवस आपल्याला बातमी कळत नाही. पुढचे दहा दिवस नकाशा कोठे पाहायला मिळतो याची चौकशी होते. उरलेल्या दहा दिवसांत कोणीतरी एक मजकूर टंकलिखित करतो, त्याच्या हजारो छायाप्रती निघतात, आणि मिस्सेनंतर चर्चच्या आवारात टेबले मांडून सह्या घेतल्या जातात. लोक नाव लिहितात, सही करतात, मजकूर वाचत नाहीत. मी स्वतः अशी टेबले मांडली आहेत. एकाच मजकुराच्या तीन हजार प्रती सुनावणीच्या वेळी एकच हरकत बनून जातात. एक गठ्ठा, एक उत्तर.

अशाच एका सुनावणीला मी सत्तरीच्या एका आजींच्या सोबतीला गेलो होतो. त्यांनी छापील अर्जावर सही करण्याचे नाकारले होते. नातवाकडून चार ओळी लिहून घेतल्या होत्या. माझ्या वाडीचा सर्व्हे नंबर अमुक. नकाशातला रस्ता माझ्या विहिरीवरून जातो. या विहिरीवर सात घरे पाणी भरतात. रस्ता वीस हात पूर्वेला नेला तर तेथे पडीक जमीन आहे. सोबत सातबारा आणि विहिरीचे छायाचित्र. सकाळपासून जांभया देत बसलेले अधिकारी ताठ बसले. त्यांनी नकाशा मागविला, आजींना पुढे बोलावले आणि बोट ठेवून दाखवायला सांगितले. आजींना नकाशा कळत नव्हता. तरी नातवाच्या मदतीने त्यांनी ओढा ओळखला, ओढ्यावरून वाडी ओळखली आणि वाडीवरून विहीर. त्या दिवशी त्या दालनात शेकडो माणसे येऊन गेली. सरकारशी खऱ्या अर्थाने बोलले असे माणूस मला तेवढे एकच दिसले.

तेव्हा सामान्य माणसाने काय करावे, या प्रश्नाचे माझे उत्तर अगदी नीरस आहे. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, ती वाचावी. विषयपत्रिकेत आपला विषय नसेल तर आधीच लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पोच न घेतलेला अर्ज कचेरीत कधी आलेलाच नसतो. सभेत इतिवृत्त वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा आणि ठराव लिहून पूर्ण होईपर्यंत उठू नये. हजेरीची सही करून चहा पिऊन निघून जाणाऱ्याची सही त्याच्या माघारी कोणत्या ठरावाला चिकटेल, हे सांगता येत नाही. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. आपल्या महिला मंडळांनी ती भरते की केवळ कागदावर दाखविली जाते, एवढे पाहिले तरी खूप झाले. 2011 पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि नवऱ्यांनी चालविलेल्या सरपंचपदाचे दृश्य आपल्या गावांनाही नवे नाही.

कचेरीत उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. 12 ऑक्टोबर 2005 पासून तो कायदा लागू आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, न मिळाल्यास अपील. हा कायदा कोणा विद्वानाच्या डोक्यातून उतरलेला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरात कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा हजेरीपटावरील नावे मोठ्याने वाचली गेली आणि न केलेल्या कामाची मजुरी कोणाच्या नावावर उचलली आहे, हे त्या मजुरांनीच उठून सांगितले. 1996 साली ब्यावर येथे त्याच मागणीसाठी चाळीस दिवस धरणे चालले. निरक्षर माणसांनी मिळविलेले हे शस्त्र पदवीधरांच्या गावात गंजत पडले आहे.

भीतीचा मुद्दा उरतो. "फादर, आपण मूठभर. उगाच नजरेत कशाला यायचे?" या भीतीची मी थट्टा करणार नाही. देशात आज ज्या बातम्या वाचाव्या लागतात, त्यांत ती निराधार आहे असे कोणी म्हणू नये. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. आपण चर्चची घंटा वाजवून, क्रूस पुढे धरून, धर्मगुरूला अग्रभागी ठेवून रस्त्यावर येतो, तेव्हा बावखलाचा प्रश्न ख्रिस्ती लोकांचा प्रश्न होतो. मग शेजारची आगरी, कोळी, भंडारी, आदिवासी, मुसलमान घरे बाजूला उभी राहून पाहत राहतात. ग्रामसभेत मात्र आपण मतदार म्हणून बसतो. तेथे पाणी सर्वांचेच असते. बावखल बुजले तर वारली पाड्यावरील विहीर आपल्या विहिरीच्या आधी आटते. आपल्या साठ-सत्तर संतप्त माणसांत त्या पाड्यावरचा एकही नव्हता, आणि त्याला बोलवावे असे आपल्यापैकी कोणाला सुचलेही नव्हते. मलाही नाही.

मी ते पत्र लिहिले नाही आणि घंटाही वाजविली नाही. काही दिवस गावात माझ्याविषयी बरे बोलले जात नव्हते. डिसेंबरात दोन निवृत्त शिक्षक, एक वकिलीचा अभ्यास करणारी मुलगी आणि पाड्यावरचे दोन तरुण असे पाच जण इतिवृत्ताची वही, गावनकाशा आणि कायद्याचे पुस्तक घेऊन दर गुरुवारी शाळेच्या वर्गात बसू लागले. 26 जानेवारी 2017 च्या ग्रामसभेला 134 माणसे आली. सव्वादोन तास वादावादी झाली, एकदा खुर्च्या सरकल्या, आणि शेवटी बावखलाची शासकीय मोजणी होईपर्यंत भराव थांबविण्याचा ठराव झाला. बुजलेली बाजू बुजलेलीच राहिली. ती उकरण्याचा खर्च कोणी करावा, हा विषय पुढच्या सभेवर टाकला गेला.

दरम्यान धर्मग्राम परिषदेत मी एक सूचना मांडली. ग्रामसभा आपल्याकडे प्रथेने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांना भरतात. 15 ऑगस्ट हा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही आहे. त्या दिवशी मिस्सा साडेसहाला व्हावी, सांस्कृतिक कार्यक्रम संध्याकाळी जावा, आणि या चारही तारखांना सकाळी धर्मग्रामाचा कोणताही उपक्रम ठेवू नये. दीड तास चर्चा झाली. साडेसहाला गायनमंडळ येणार नाही, असे एकाने सांगितले. मुलांच्या नाचाला संध्याकाळी पाऊस असतो, असे दुसऱ्याने सांगितले. अखेरीस 15 ऑगस्टपुरती सूचना मान्य झाली.

1 मेच्या ग्रामसभेला 47 माणसे होती. सभा तहकूब झाली. त्या सकाळी धर्मग्रामात तीन लग्ने होती, आणि तिन्ही मीच लावली.